दहा जणींचं एकच खातं

"विचार आता त्याला," पद्मिनकाकू म्हणाल्या. "तिकडं पुन्याचा मानूस वाट बघत बसलाय."

फोन पालथ्या परातीवर उभा केला होता आणि आम्ही दहा जणी त्याच्याभोवती कोंडाळं करून बसलो होतो. भोगी आठ दिवसांवर आली होती. पुण्याच्या एका दुकानदारानं आमच्या गटाच्या कडक भाकरीला मोठी मागणी दिली होती, पण त्याचं म्हणणं, भाकरी किती दिवस टिकते ते पाकिटावर छापलेलं पाहिजे. आता आमच्या तांबेवाडीत कडक भाकरी किती दिवस टिकते हे कुणी बघितलंच नव्हतं. ती टिकायच्या आत संपते.

मी माईकच्या खुणेवर बोट ठेवलं आणि विचारलं. फोनमधला चॅटबॉट दोन क्षण थांबला आणि बोलू लागला. आवाज बाप्याचा, पण गोड, जावयाच्या तोंडात शोभेल असा. ओलावा लागू दिला नाही तर भाकरी बरेच दिवस टिकेल, मात्र छापण्याआधी नमुना तपासून घ्या, असं त्यानं समजावून सांगितलं. बायका माना हलवत होत्या. हसीनाभाभी तर "जी, जी" म्हणत होती. मग तो म्हणाला, "वैजयंताताई, आणखी एक विचारू का? मागे तुम्ही गाठीबद्दल बोलला होतात. चार महिने झाले म्हणाला होतात. डॉक्टरांना दाखवलंत का? कृपया आता उशीर करू नका."

वैजयंता म्हणजे मी. आणि मला गाठबीठ काही नव्हती.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. त्या वेळी नेमकं काय घडलं हे समजायला ते खातं कसं उघडलं ते आधी सांगायला हवं, कारण चूक तिथंच झाली, आणि ती मी स्वतः मोठ्या हौसेनं केली होती.

गटाची सचिव मी. बारावी झालेली, संगणकाचा कोर्स केलेली, त्यामुळे कागदाचं काम आलं की सगळ्या माझ्याकडं बघायच्या. तालुक्याला एका शिबिरात आम्हाला हे चॅटबॉट प्रकरण दाखवलं होतं. व्यापाऱ्याला इंग्रजीत पत्र लिहून देतो, पाकिटावरचा मजकूर करून देतो, बोललं तरी त्याला कळतं. मी गावात येऊन सांगितलं, प्रत्येकीचं वेगळं खातं काढू. पद्मिनकाकू गटाच्या अध्यक्ष. त्यांनी हात झटकला.

"दहा खाती कशाला? गट एक, शिक्का एक, बँकेत खातं एक. ह्याचंबी एकच काढ."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. फोन गटाचा होता. तो कुणा एकीकडं राहिला तर रुसवेफुगवे होतात, म्हणून तो आठवड्याच्या पाळीनं घरोघर फिरायचा. ज्या घरी फोन, तिनं त्या आठवड्याच्या मागण्या घ्यायच्या. मी खातं उघडलं, पासवर्ड इतिवृत्ताच्या वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. जन्मतारीख विचारली, माझी घातली. तुम्हाला काय नावानं हाक मारू असं त्यानं विचारलं, तेव्हा गटाचं नाव घालायचं सोडून मी वैजयंता लिहिलं. कुणीतरी पहिल्यांदाच मला असं विचारत होतं. पुढं विचारलं, तुमचं बोलणं लक्षात ठेवू का? मी हो दाबलं. लक्षात ठेवणारा कारकून कुणाला नको असतो? तेव्हापासून आम्ही त्याला कारकूनच म्हणायचो.

मग दहा जणी त्याच्याशी बोलायच्या आणि तो समजायचा, ही एकटी वैजयंताच बोलतेय.

तर त्या दिवशी पडवीत त्याचं ते बोलणं ऐकून नऊ तोंडं माझ्याकडं वळली. 'मी नाही विचारलं' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण मी ते बोलले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग कुणी विचारलं? मी एकेकीकडं बघितलं. या नऊ जणींतली एक जण चार महिने गाठ घेऊन भाकरी थापत होती, आणि तिनं ते घरात सांगितलेलं नव्हतं, शेजारी सांगितलेलं नव्हतं, एका फोनला सांगितलं होतं. ती काय सगळ्यांसमोर हात वर करणार होती? उलट मी नव्हेच म्हणून तिनं देवाची शपथ घेतली असती, आणि एकदा शपथ घेतल्यावर ती मेली तरी दवाखान्याची पायरी चढली नसती. शिवाय आमच्यात हसीनाभाभी. माणूस सोन्यासारखं, पण तोंडात तीळ भिजत नाही.

"नाही दाखवलं अजून," मी म्हणाले.

मग जो गलका झाला! हसीनाभाभीनं डोळ्यांना पदर लावला. एक जण म्हणाली, माझ्या मावशीला होती, लेपानं बसली. दुसरी म्हणाली, लेप कसला लावतीस, मुंबईला न्या. कुठं आहे गाठ, असंही एकीनं विचारलं. मी नुसता पदर पुढं ओढून घेतला, तशी ती गप्प बसली. पद्मिनकाकू तेवढ्या काही बोलल्या नाहीत. एरवी भाकरीला चीर गेली तरी सात पिढ्यांचा उद्धार करणारी बाई, माझ्याकडं टक लावून बघत राहिली. मला वाटलं, ऐन हंगामात सचिव आजारी पडली म्हणून चिडल्या असतील.

"येत्या गुरुवारी तालुक्याला जाते," मी म्हणाले. "सरकारी दवाखान्यात बाईडॉक्टर असतात त्या दिवशी. पण मला एकटीला भीती वाटते. सोबत कोण येईल?"

हे मी मुद्दाम विचारलं. जिची गाठ असेल ती सोबतीच्या निमित्तानं तरी दारापर्यंत येईल, एवढाच माझा हिशेब.

"मी येते की," हसीनाभाभी म्हणाली.

"तू भट्टीवर थांब," काकू एकदम बोलल्या. "भाकरी तुझ्याशिवाय कडक व्हत न्हाई. मी जाते हिच्याबरुबर."

आणि मग कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "मी पण येऊ का?"

ती प्रतीक्षा होती. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, तेवीस-चोवीस वर्षांची, विचारल्याशिवाय न बोलणारी पोर. हीच. दुसरी कोण असणार?

पाकिटाचा मजकूर करायचा आहे असं सांगून मी फोन घरी नेला. जुन्या गप्पांची यादी उघडली. मसाल्याच्या पाकिटाचा मजकूर, दुकानदाराला उत्तर, आणि त्या सगळ्यात एक ओळ होती, 'गाठीबद्दल शंका'. दुसऱ्याचं पत्र फोडल्यासारखं वाटलं, पण मी उघडलं. बोललेलं होतं, लिहिलेलं नव्हतं. फोननंच त्याचं लेखी केलं होतं. 'दुखत नाही. हाताला लागते. चार महिने झाले. घरी सांगितलं तर काम बंद करतील.' बोलणारी कोण याचा काही पत्ता लागेना, कारण आमच्या सगळ्यांचं बोलणं तो वर्तमानपत्रासारखं शुद्ध करून टाकायचा. हसीनाभाभीही तशीच आणि मीही तशीच. त्यानं मात्र उत्तर फार मायेनं दिलं होतं. घाबरू नका, बऱ्याच गाठी साध्या असतात, पण तपासल्याशिवाय कळत नाही, याच आठवड्यात जा. तिनं शेवटी म्हटलं होतं, 'तू कुणाला सांगू नकोस.' तो म्हणाला होता, 'नाही सांगणार.'

मला त्याचा राग आला आणि मग गेलाही. त्याच्या लेखी त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. जिची होती तिलाच विचारलं होतं. तारखेच्या जागी नुसतं 'मागील तीस दिवस' असं होतं. त्या तीस दिवसांत फोन चार घरी गेला होता, हसीनाभाभी, काकू, अलका आणि प्रतीक्षा. काकूंना लिहावाचायला येत नव्हतं आणि त्या तर म्हणायच्या, माझ्या घरी त्याला मी पिठाच्या डब्यावर ठेवते, कोन बोलतंय त्याच्याशी! अलकाच्या घरी सासूची नजर चुकवून शिंकताही येत नाही. हसीनाभाभीला असलं काही असतं तर तिनं आधी गावभर सांगितलं असतं. राहिली प्रतीक्षा.

एवढ्यात आमचे हे दारात येऊन उभे राहिले. डेअरीवरून यायची त्यांची ही वेळ नव्हती. बातमी माझ्याआधी डेअरीत पोचली होती.

"मला का नाही सांगितलंस?" ते म्हणाले.

"अहो, मला काही नाही. खरंच नाही. दुसऱ्या कुणाची तरी आहे, मी नुसतं माझ्यावर घेतलं."

त्यांनी मान हलवली. "मला धीर द्यायला खोटं बोलू नको, वैजू."

देवाशप्पथ सांगितलं, फोन दाखवला, सगळी हकिगत सांगितली. फोनवर माझंच नाव होतं. त्यांनी ते वाचलं आणि हातपाय धुवायला गेले. चार दिवस त्यांनी मला पाण्याची कळशी उचलू दिली नाही. खोटं बोलले तर सगळ्यांचा विश्वास बसला, खरं बोलले तर नवऱ्याचाही बसेना. हसावं की रडावं हे कळत नव्हतं. पण एक सांगते, लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि या माणसाला मी गेले तर काय वाटेल हे मला त्या चार दिवसांत कळलं.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघी वडापच्या जीपनं निघालो. काकू नवं लुगडं नेसून आल्या होत्या. पिशवीत भाकरी, शेंगाचटणी, पाण्याची बाटली. वाटेत त्यांनी मला खिडकीशी बसवलं, खड्डा आला की माझा खांदा धरायच्या. मला मनातून शरम वाटत होती. प्रतीक्षा समोर बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तिच्याकडं बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि पुन्हा पुन्हा तिच्याकडंच बघत होते.

दवाखान्यात खिडकीवर माझ्या नावाचा केस पेपर काढला. नंबर आला तेव्हा मी एकटीच आत गेले. डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्याच, केस वर बांधलेले, टेबलावर चहा निवलेला.

"कुठं आहे गाठ?"

"माझी नाहीये, मॅडम," मी म्हणाले. "बाहेर दोघी बसल्यात, त्यातल्या एकीची आहे. बहुतेक धाकटीची. ती सांगायची नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी भराभरा सगळं सांगितलं, परात, कारकून, एकच खातं. मध्येच त्यांना हसू आलं आणि मध्येच ते गेलं.

"मग मी काय करू म्हणता?"

"सोबतच्या बायकांनाही आज तपासतोय, असं म्हणा."

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि बाहेर बघून ठणकावून म्हणाल्या, "सोबत आलेल्या बायकांनी पण तपासून घ्यायचंय. एकेक जण आत या."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. प्रतीक्षा कुणी ढकलल्यासारखी उठली आणि आत गेली. मी डोळे मिटून घेतले. पाच-सात मिनिटांनी ती बाहेर आली, तर चेहरा धुतल्यासारखा.

"काही नाही म्हणाल्या," ती म्हणाली. "सगळं चांगलं आहे."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"नाही. ताई, माझी आई यानंच गेली. मला कधीची भीती वाटायची, कुणाला म्हणायचं? तुम्ही निघालात म्हणून मी आले."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण डोक्यात गोंधळ. मग कोण? हसीनाभाभीला घरी ठेवून मी चूक केली का? मी काकूंना म्हणाले, "काकू, तुमचा नंबर. जाऊन या."

"मला काय झालंय? मी सोबतीला आले." त्या पिशवी पोटाशी धरून बसल्या. "तुझं काय झालं ते सांग आधी. काय म्हनली ती?"

आता लपवून काय उपयोग होता? "मला गाठ नाही म्हणाल्या, काकू."

मला वाटलं, त्या देवाला हात जोडतील. पण त्या तर चिडल्याच.

"न्हाई कशी? नीट बघितलंच नसंल तिनं. आगं, बसल्या बसल्या न्हाई लागत ती. आडवं निजवलं का तुला? हात डोस्क्यामागं घ्यायला लावला का? तसा हात घेतला की मग काखेखाली डाव्या अंगाला बोटाला लागती, सुपारीएवढी. पुना जा आन् सांग तिला..."

आणि त्या थांबल्या.

बाकावर आम्ही दोघी होतो. प्रतीक्षा पाणी आणायला गेली होती. समोरून एक बाई तान्हं मूल घेऊन गेली, ते रडत होतं. काकूंनी पिशवीचे बंद एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून ओढले. मी नुसती उठले, खिडकीवर गेले, काकूंच्या नावाचा केस पेपर काढला आणि परत येऊन हात पुढं केला. त्यांनी पिशवी माझ्याकडं दिली आणि माझा हात धरून उठल्या. आत गेल्यावर त्यांनी तो सोडला नाही. बाईंनी तपासलं, दोनदा तपासलं, मग चिठ्ठी लिहिली, सोलापूरला मोठ्या दवाखान्यात याच आठवड्यात जा. 'याच आठवड्यात' या शब्दांखाली त्यांनी रेघ ओढली.

गाठ साधी नव्हती. सोलापूरला ऑपरेशन झालं, पुढं इंजेक्शनं झाली, केस गेले, पुन्हा आले. डॉक्टर म्हणाले, आणखी चार महिने काढले असते तर आमच्या हातात काही राहिलं नसतं. काकूंच्या मालकांनी काम बंद केलं नाही; तेच भट्टीवर येऊन बसले आणि दोन आठवडे भाकऱ्या जाळल्या. मी दहा जणींची दहा खाती काढली, प्रत्येकीचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, वहीच्या पुठ्ठ्यावर काही न लिहिता. काकू अजून अध्यक्ष आहेत आणि अजून सात पिढ्या काढतात.

पण माझ्या मनात कायमची राहिली ती त्या गुरुवारची परतीची जीप. प्रतीक्षा पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती. काकू आणि मी मागं. या वेळी मी त्यांना खिडकीशी बसवलं.

"काकू, रागावू नका," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. तुम्हाला उगाच माझी काळजी लावली. तो कारकून तुमचं बोलणं माझ्या नावावर धरून बसला होता, म्हणून सगळ्यांसमोर बोलला."

"माझं?" त्यांनी वळून बघितलं. "म्हंजी परवा त्यो माझ्या गाठीचं बोलत व्हता?"

"तुम्हाला काय वाटलं?"

त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. ज्वारी हुरड्याला आली होती. बोलल्या तेव्हा आवाज त्यांचा नव्हताच, फार लहान झाला होता.

"मला वाटलं, त्यो आवाजावरनं मानूस वळखत आसंल. तुझी तुझी, माझी माझी. मला वाटलं, आपल्या दोघींना हाय. एक सांगू, वैजू? पाप लागंल मला, पन त्या दिवशी तुझं ऐकून बरं वाटलं. म्हनलं, मी एकली न्हाई. तुझ्या आडोशानं मीबी दाखवून घेईन. ऐन वक्ताला धीर झाला न्हाई, त्यो भाग येगळा."

मी त्यांचा हात धरला, खरखरीत, पिठानं भेगाळलेला. आज मीच त्यांना एकटं करून टाकलं असं मला वाटलं.

"आणि आज?" मी विचारलं. "आज माझी नाही असं कळलं तेव्हा?"

काकूंनी पदरानं नाक पुसलं आणि माझ्याकडं बघितलं.

"आज त्याच्याहून बरं वाटलं," त्या म्हणाल्या.